वरचं बाळंतपण

जेनोआच्या बंदरावर बोर्तोलो मिलेझीने उभी हयात ओझी वाहिली. त्याचा बाप झकारिया तिथेच वाहायचा, आजाही तिथेच. तिघांचे संसार बंदरामागच्या चढावरच्या एकाच गल्लीत झाले, तिघांनी एकाच दारूवाल्याकडे उधारी केली, आणि तरी तिघांपैकी एकाचाही जन्म जेनोआतला नव्हता. बोर्तोलो जेनोआत जन्मला असता तर बंदराच्या फाटकातून त्याला कुणी आत पाऊल टाकू दिलं नसतं.

त्याचं असं होतं. बंदरातल्या करमुक्त वखारींतला माल उचलायचा हक्क आमच्या टोळीचा, आणि टोळीत यायचं तर माणूस बेर्गामोच्या डोंगरात जन्मलेला हवा. शेकडो वर्षांचं वतन ते. कुणी घालून दिलं, का दिलं, धड कुणालाच माहीत नाही. म्हातारे सांगायचे, जेनोआची माणसं आपसात भांडतात आणि मालावर डल्ला मारतात, म्हणून जुन्या व्यापाऱ्यांनी डोंगरातून दांडगी आणि मुकी माणसं आणवली. मुकी म्हणताना ते स्वतःच खो खो हसायचे, कारण आमच्याइतकी बडबडी जमात त्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती.

आता माणसं राहणार खाली जेनोआत, आणि मुलं जन्मायला हवीत आठवडाभराच्या वाटेवरच्या डोंगरात. मग त्याला तोड एकच. बाईने जायचं. आठवा लागला की टोळीतली बाई गाठोडं बांधायची, खेचरवाल्यांबरोबर खिंड चढायची, पो नदी ओलांडायची, पलीकडच्या ऑस्ट्रियाच्या शिपायांना कागद दाखवायची, सपाट मुलूख तुडवायची आणि पुन्हा डोंगर चढून वरच्या गावी बाळंत व्हायची. 'वर गेली' म्हटलं की गल्लीत पुढचं कुणी विचारत नसे. मुलगी झाली तर बाई तेवढीच वाट तुडवून रिकाम्या हातांनी खाली यायची. म्हणजे हातात मुलगी असायची, पण टोळीच्या लेखी ते हात रिकामेच. पुरुषांनी केलेले नियम असे असतात, आणि ते पाळण्यात बायका पुरुषांच्या चार पावलं पुढे असतात, हेही मी पाहिलंय.

बोर्तोलोची बायको ओर्सोला अशी दोनदा वर गेली आणि दोनदा रिकाम्या हातांनी खाली आली. पास्क्वा आणि बेत्ता, दोन्ही पोरी गुणाच्या. बोर्तोलोचा त्यांच्यावर जीव होता, पण त्याचा उजवा खांदा उतरत चालला होता, आणि वतनाला मागे कुणी नव्हतं. ओर्सोला तिसऱ्यांदा गरोदर राहिली तेव्हा सगळ्या गल्लीने मनातल्या मनात मुलगा धरून टाकला.

ती राहिली तेव्हाचं जेनोआ कसं होतं म्हणाल, तर अंगात आल्यासारखं. तुरीनहून रेल्वे अजून यायची होती, पण तिचं नाव येऊन पोचलं होतं. बंदराच्या कडेने सरळसोट रस्ता काढायचा म्हणून घरांच्या रांगा पाडल्या होत्या. अर्धी कापलेली घरं उघडी पडली होती, आणि वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी चुलीचं धुरांडं रस्त्यावरून दिसायचं. त्या रस्त्यासमोर धक्क्याच्या लांबीची संगमरवरी गच्ची बांधली होती. तिच्यावर साहेब लोक बायकांना घेऊन समुद्र बघायला यायचे, आणि खाली वाकून आम्हाला बघायचे. गॅसचे दिवे लागले. उजेड वाढला तशी बंदरावर काही तरी वाईट होणार असं म्हाताऱ्यांना वाटायला लागलं, आणि आम्ही त्यांची टिंगल करायचो.

मग जानेवारीत यारी आली, साखळीने ओझी उचलणारं यंत्र. विलायतेहून, लोखंडाची, तुकड्यातुकड्यांनी. ते तुकडे जहाजातून आम्हीच उतरवले, आम्हीच धक्क्यावर नेऊन ठेवले. बोर्तोलोच्या खांद्यावर तिचा दांडा होता.

"काय जड आहे रे हिचा हात," शेजारचा म्हणाला.

"उचल, उचल," बोर्तोलो म्हणाला. "उद्या तीच तुला उचलून समुद्रात टाकेल."

सगळे हसले. यारी उभी राहिली, आणि पहिल्या दिवशी तिने संगमरवराचा एक ठोकळा उचलला. तसा ठोकळा आमची आठ माणसं वाशाला दोर बांधून, गाण्याच्या तालावर, थांबत थांबत नेत. यारीने तो साखळीवर घेतला, हात फिरवला आणि गाडीवर ठेवला. तिला गाणं लागलं नाही. नुसती साखळी खडखडली. त्यानंतर मात्र कुणी हसलं नाही, आणि बोर्तोलो घरी येऊन न जेवता बसून राहिला.

"काय झालं?" ओर्सोलाने विचारलं.

"काही नाही. भूक नाही."

"तुला भूक नाही म्हणजे बंदर बुडालं की काय?"

तो बळेच हसला. तिचं पोट तेव्हा चांगलं वर आलं होतं. तिने हरभऱ्याच्या पिठाची जाड पोळी तव्यावरून काढून त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "खा. मी पुढच्या आठवड्यात निघते. आल्यावर तू असा वाळलेला दिसायला नको."

तिने निघण्याचं नाव काढलं आणि त्याने पोळी बाजूला सारली. आधीच्या दोन खेपा उन्हाळ्यातल्या होत्या. ही खेप ऐन थंडीतली. त्यात गल्लीतली सुईण तेरेझिन पोट चाचपून म्हणाली होती, "मूल खाली उतरलंय, बाई. या वेळी लवकर सुटशील. घरातून हलू नकोस."

"ऐकलंस ना ती काय म्हणाली?" बोर्तोलो म्हणाला.

"ऐकलं. म्हणून तर पुढच्या आठवड्यात. नाही तर पंधरा दिवसांनी गेले असते."

"ओर्सोला, लोक म्हणतात, तुरीनचं सरकार आपलं वतन मोडणार आहे. मग कशाला एवढा..."

"लोक माझ्या आईच्या लग्नातही हेच म्हणत होते."

"आणि नाही मोडलं तरी काय? मुलगा दुसरं काही करेल."

ती वळली. तिचा चेहरा असा झाला की बोर्तोलोला आपण बोललो याचीच लाज वाटली.

"काय करेल? माझ्या मार्तीनने केलं ते?"

मार्तीन हा तिचा धाकटा भाऊ. त्याच्या वेळी तिची आई वर निघाली आणि खिंडीतल्या पावसाने अडकून परत फिरली. मार्तीन जेनोआतच जन्मला. बाप टोळीतला, चुलते टोळीतले, आणि हा फाटकाबाहेर. मोठा झाल्यावर तो रोज फाटकाशी उभा राहायचा, वखारीतून सांडलेले दाणे झाडून न्यायचा. आमची माणसं त्याला गमतीत 'पाहुणा' म्हणायची. एक दिवस तो कुठल्याशा जहाजावर चढला आणि परत आला नाही. वर्षं लोटली, पण त्या 'पाहुणा'ची चीड ओर्सोलाच्या मनातून कधी गेली नाही. पोटातल्या पोराला कुणी तसं म्हणू नये, एवढ्यासाठी ती बर्फातून सरपटतही गेली असती.

बोर्तोलो तरीही नाईकाकडे गेला. टोळीचा नाईक अलेस्सान्द्रो पेझेन्ती, पांढऱ्या मिशांचा, शांत माणूस.

"नाईक, तुम्ही सांगा. वतन राहतंय का जातंय? राहत नसेल तर मी बायकोला पाठवत नाही."

नाईकाने बराच वेळ मिशा कुरवाळल्या. "राजे आले, राजे गेले. फ्रान्सवाला आला आणि गेला. आपण आहोतच ना? पाठव तिला. आज तू नाही पाठवलीस तर उद्या दुसरा नाही पाठवणार, आणि मग तुरीनवाल्यांना मोडायला काही उरणारच नाही."

बोर्तोलोला ते पटलं. खरं सांगायचं तर, पटवून घ्यायलाच तो गेला होता. ओर्सोला निघाली त्या सकाळी त्याने तिला खेचरावर बसवलं, पायांवर घोंगडी घातली, भाजलेल्या चेस्टनटची पुरचुंडी दिली. वाटेत काही झालंच तर थांब, असं त्याला म्हणायचं होतं. पण ते म्हणणं म्हणजे पोराचं वतन सोड म्हणणं. तो म्हणाला, "सांभाळून."

"तूच सांभाळ," ती म्हणाली. "तुझ्या त्या लोखंडी बाईपासून."

तिला जाऊन आठवडाही झाला नसेल, आणि फाटकाशी दवंडी झाली. सरकारी माणूस पेटीवर उभा राहून वाचत होता, आणि पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही, कारण तो तुरीनच्या थाटात नाकातून बोलत होता. मग जेनोआचे काही पोरगेले तरुण ओरडायला लागले, टोप्या उडवायला लागले, आणि आम्हाला कळलं. आजपासून बंदरातलं ओझं कुणीही उचलावं. तो कुठे जन्मला हे कुणी विचारायचं नाही.

नाईक मटकन जमिनीवर बसला. कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं. बोर्तोलोच्या मनात मात्र वतन आलंच नाही. त्याच्या मनात पहिलं आलं ते हे, की ओर्सोला अजून वरच्या डोंगराला लागली नसेल. तिला गाठता येईल. कुठल्याही गावात, कुठल्याही गोठ्यात ती आता बाळंत होऊ शकते, कुणाचं काही बिघडत नाही. हे तिला सांगायला हवं. त्याला क्षणभर आनंदच झाला, आणि त्या आनंदाची त्याला पुढे जन्मभर भीती वाटत राहिली.

"मी निघतो," तो नाईकाला म्हणाला.

"वेडा झालास? उद्या नव्याने माणसं निवडणार आहेत. इथे हजर नसेल त्याचं नाव गेलं. पंचवीस वर्षांची तुझी हमाली."

"जाऊ दे."

"बोर्तोलो, पोरी आहेत तुला."

"पोरी तेरेझिनकडे राहतील. नाईक, तुमच्या शब्दावर मी तिला पाठवली. आता अडवू नका."

नाईक बाजूला झाला. बोर्तोलो कमरेचं, टोळीची खूण असलेलं निळं फडकंही न सोडता तसाच खिंडीच्या वाटेला लागला.

खिंडीत बर्फ होतं आणि धुकं असं की हातातली काठी दिसेना. खेचरवाले उलटे येताना भेटले. "हो, तुझी बायको नेली की आम्ही. धडधाकट आहे. वाटभर आम्हालाच चिडवत होती." बोर्तोलोच्या पायांत बळ आलं. पलीकडच्या उतारावर रस्त्याच्या कडेने माणसं रेल्वेसाठी डोंगर पोखरत होती. सुरुंगाचा आवाज झाला की पायाखालची जमीन हलायची, आणि जिथे भोक पाडलं होतं तिथून गढूळ पाणी वाहायचं. त्यांतल्या एकाने विचारलं, "बंदरावर काम मिळतंय म्हणे आता?" बोर्तोलोने चाल वाढवली.

पो नदीवर पोचला तर नावाडी म्हणाला, "टोळीची बाई ना? पूर होता, इथेच खोळंबली होती बिचारी. परवा सोडली पलीकडे. पण तिचं काही खरं नव्हतं हो. कंबर धरून बसायची."

म्हणजे अंतर कमी झालं होतं. आणि वेळही कमी झाला होता. पलीकडच्या शिपायाने बोर्तोलोचा टोळीचा पितळी बिल्ला पाहिला, हसला आणि सोडून दिलं. जेनोआत तो बिल्ला आता बटणाइतक्या किमतीचा राहिलाय, ही बातमी अजून नदी ओलांडून आली नव्हती. बोर्तोलो चालत राहिला. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली शेतं, त्यांवर पातळ बर्फ, आणि कुठे माणूस नाही. भाकरीचा तुकडा तो चालताचालता चावत होता, आणि पायाच्या तालावर मनात एकच म्हणत होता, थांब गं, थांब, थांब.

बेर्गामोच्या अलीकडे, डोंगर लागायच्या आधी, रस्त्यावर एक खाणावळ आहे. वर जाणाऱ्या आमच्या सगळ्या बायका तिथे टेकायच्या. खाणावळवाली जुदित्ता जाडजूड, तोंडाने फटकळ बाई. बोर्तोलोला दारात बघून तिने कमरेचं निळं फडकं ओळखलं.

"तू ओर्सोलाचा नवरा? ये, ये. तोंड गोड कर. मुलगा झाला तुला!"

बोर्तोलो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"काल पहाटे झाला. इथेच, गोठ्यामागच्या खोलीत. मीच होते जवळ. काय त्याचा आवाज, बाई बाई! गाईसुद्धा उठून उभ्या राहिल्या. लालबुंद, दोन्ही मुठी घट्ट. तुझाच खांदा घेऊन आलाय."

"कुठे आहेत?" तो कसंबसं म्हणाला. "आत आहेत? झोपलीय का ती?"

जुदित्ताचं हसू मावळलं. तिने हात पुसले, पुन्हा पुसले.

"अरे, ती गेली."

"गेली म्हणजे?"

"काल दुपारी. तुमच्या खोऱ्यातला गाडीवाला आला होता, त्याच्या गाडीत. मी आडवी पडले रे. म्हटलं, सकाळी बाळंत झालीस आणि दुपारी निघालीस? रक्त थांबलं नाही अजून. ऐकते कुठली? मला म्हणाली, कुणी विचारलं तर मी इथे बाळंत झालेच नाही."

बोर्तोलो बघत राहिला. त्याला कळत होतं, आणि कळायला नको होतं.

"आणि बाळ?"

जुदित्ताने स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं. "इथे. झग्याच्या आत. फडक्यांनी घट्ट बांधून घेतला, वरून शाल. बघणाऱ्याला वाटावं, भरल्या पोटाची बाई आहे. गाडीवाला तुमच्या गावचाच, तो वर जाऊन सांगेल ना, मी पोटुशी बाई आणली म्हणून. रडू नये म्हणून वाइनमध्ये भिजवलेली चिंधी दिली होती तोंडात. मी म्हटलं, बाई गं, श्वास घेईल कसा तो? तर म्हणाली, वर पोचेपर्यंत हा जन्मलेलाच नाही."

ती रडायला लागली. "काय आहे रे तुमच्या त्या बंदरात एवढं?"

बोर्तोलो पळत सुटला. पन्नाशीकडे झुकलेला, उतरलेल्या खांद्याचा माणूस चढावर किती पळणार? खोऱ्यात शिरल्यावर बर्फ सुरू झालं. रस्त्यावर गाडीच्या चाकोऱ्या दिसत होत्या, मग बर्फाने त्या बुजत गेल्या. नदी खाली खोल कुठेतरी वाजत होती. प्रत्येक वळणावर त्याला वाटायचं, गाडी उभी असेल. प्रत्येक वळणावर नसायची. तो देवाला काही मागत नव्हता. पोरगं मोठ्याने रडू दे, एवढंच मनात होतं. गाडीवाल्याला ऐकू जाऊ दे, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाऊ दे, तिची चोरी पकडली जाऊ दे.

वरच्या गावी तो पोचला तेव्हा उजाडलं होतं. ओर्सोलाची आत्या बार्बरा दारातलं बर्फ ओढत होती. तिने त्याला पाहिलं आणि खोरं भिंतीला टेकवलं.

"मुलगा होता," ती म्हणाली.

बोर्तोलोने टोपी काढली.

"इथेच झाला," आत्या त्याच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "माझ्या हातांत झाला. बाप्तिस्म्याचं पाणी मी शिंपडलं, नाव झकारिया ठेवलं. पाद्रीबाबांनाही तसंच सांगितलं. गाडीवाल्याने तिला भरल्या पोटाची उतरताना पाहिलंय. उगाच काही विचारू नकोस तिला."

ओर्सोला आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याची चाहूल लागली तशी वळली. तो इथे कसा, हे तिने विचारलं नाही. तिच्या डोळ्यांत ताप होता.

"वेळेत पोचले मी," ती म्हणाली. "थोडक्यात चुकलं असतं बघ. वाटेतच झाला असता."

बोर्तोलो खाटेच्या कडेवर बसला.

"रडला?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी तोंडून गेलं.

"रडला की. थोडा."

गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या होत्या, हे त्याच्या कानांत वाजत होतं.

"बोर्तोलो, तो राहिला असता तर त्याला कुणी काही बोलू शकलं नसतं ना? वतन त्याचंच होतं ना?"

दवंडीचे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. सांगितलं असतं तर ती तिथेच गेली असती, आणि नाही सांगितलं तर उरलेलं आयुष्य खोट्यावर काढायचं. त्याने तिचा हात हातात घेतला.

"त्याचंच," तो म्हणाला. "पक्कं त्याचं."

तिने डोळे मिटले आणि पहिल्यांदा झोपली.

बर्फ वितळेपर्यंत दोघं वर राहिली. बोर्तोलोने लाकडं फोडली, आत्याच्या शेळ्या बघितल्या, आणि एकदा हळूच म्हणून पाहिलं, "इथेच राहिलो तर? पोरींना वर आणू. शेळ्या घेऊ."

"शेळ्या?" ओर्सोला म्हणाली. "बंदर सोडून शेळ्या? डोकं फिरलं का तुझं?"

मग उतरणं आलंच. उतरताना प्रत्येक पावलाला त्याचे पाय जड होत होते. एवढं जड ओझं त्याने बंदरावरही वाहिलं नव्हतं. खाणावळ जवळ आली तशी ओर्सोला रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालायला लागली. पण जुदित्ता दारातच होती. तिने ओर्सोलाच्या हातांकडे पाहिलं, मोकळ्या शालीकडे पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला. मग बोर्तोलोला म्हणाली, "गाठलंस म्हणायचं तिला."

ओर्सोलाने मान वर केली नाही. नदी ओलांडली, सुरुंगाचे आवाज मागे पडले, खिंड उतरली आणि जेनोआ दिसलं. यारीचा हात दुरूनच दिसत होता. आता दोन याऱ्या होत्या.

बंदराच्या फाटकाशी दोघं आली. आतून माणसं पोती घेऊन येत होती. जेनोआची, समुद्राकाठच्या गावांची, कुणी सार्दिनियाचा. कुणाच्या कमरेला निळं फडकं नव्हतं. ओर्सोला थांबली. एकेकाचा चेहरा ती बघत होती. मार्तीन ज्या दगडापाशी उभा राहायचा, तिथेच ती उभी होती.

"हे कुठले?"

"इथलेच."

"कधीपासून?"

बोर्तोलोने खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण त्याच्याच्याने होईना. "तू निघाल्यावर आठवड्याच्या आतच दवंडी झाली."

"म्हणून तू आलास."

"तुला थांबवायला आलो होतो. वाटेत कुठेही होऊ दे, असं सांगायला."

यारीची साखळी खडखडली. ओर्सोलाने दोन्ही हातांनी शाल पोटाशी घट्ट आवळून धरली.

"खाणावळवालीने तुला सगळं सांगितलं."

"सांगितलं."

"आणि तू माझ्या खाटेवर बसून हो ला हो केलंस."

"केलं."

फाटकातल्या पोतेवाल्यांपैकी एकाने तिला बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा ती एक पाऊल सरकली.

"आणखी कुणाला बोललास?"

"नाही."

"मग तो वरच झाला," ओर्सोला म्हणाली.

"वरच झाला," बोर्तोलो म्हणाला.

पुढे बोर्तोलो रोज सकाळी फाटकाबाहेर कामाच्या आशेने उभ्या राहणाऱ्या घोळक्यात उभा राहू लागला. निवडीच्या दिवशी हजर नव्हता, म्हणून त्याचं नाव गेलं होतं. जेनोआची पोरं त्याला 'डोंगरी' म्हणायची. खांदा पूर्ण निकामी होईपर्यंत त्याने असंच काढलं. ओर्सोलाला पुन्हा मूल झालं नाही. घरात वतनाचा विषय कुणी काढत नसे, आणि वर कुणी जातही नसे. मग रेल्वे आली, थेट धक्क्यापर्यंत, आणि गल्लीची खालची निम्मी घरं तिच्यासाठी पाडली.

उरलेल्या घरात पास्क्वा पहिलटकरीण झाली. तेरेझिन म्हातारी झाली होती, तरी तीच आली. मुलगा झाला. तेरेझिनने त्याला पुसलं, आणि गुंडाळायला फडकं उचललं, तोच ओर्सोलाने ते तिच्या हातातून हिसकावून घेतलं.

"अगं, गारठेल तो," तेरेझिन म्हणाली. "आणि रडतोय बघ किती."

"चूल पेटव, मोठी पेटव. पण झाकू नकोस त्याला," ओर्सोला म्हणाली. तिने नातवाला उघडाच दोन्ही हातांवर धरला होता, छातीपासून लांब. "रडू दे. कुणी गप्प करू नका त्याला. रडू दे."

बोर्तोलो बाहेर जिन्यावर बसला होता. त्याने उठून दार उघडलं, आणि खाली रस्त्यापर्यंत आवाज जावा म्हणून ते तसंच उघडं ठेवलं.